मैनेला मोगरा चालत नाही

"घोड्यासाठी एखादी चांगली पावडर आहे का?"

बेंबळीच्या स्टँडसमोरच्या दुकानात अर्पितानं हे विचारलं आणि गल्ल्यावरचा पोरगा बघतच राहिला. नवाच दिसत होता. दुकानदार तात्यांचा हा भाचा, शंतनू, नुकताच तुळजापूरहून मामाच्या मदतीला आला होता.

"घोडं... धुवायचंय?"

"अहो, घोड्यावर बसायचे कपडे!" तिनं हसू दाबलं. "घट्ट पँट असते, गुडघ्यापाशी रबराची पकड. घाम, माती, घोडीचे केस... सगळं बसतं तिच्यावर. आई म्हणती, सोडा टाकून उकळ."

"उकळू नका हं," शंतनू ठामपणे म्हणाला. घोड्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण हसला की एकाच गालावर खळी पडायची. आता बाई, पुड्यावरचं वाचायचं की खळीकडं बघायचं? अर्पितानं खळीकडं बघितलं आणि तिथंच घोळ झाला.

त्यानं मोगऱ्याच्या वासाची पावडर दिली. वर एक छोटी बाटली ठेवली. "ही माझ्याकडून. धुतल्यावर टाका. कपडे मऊ पडतात, वासही... छान येतो."

रस्ताभर ती बाटली हातात धरून अर्पिता उगाचच हसत होती.

दुसऱ्या दिवशी मोगऱ्यात न्हालेली पँट घालून ती आण्णासाहेबांच्या मळ्यात गेली. मैना त्यांची घोडी, पण शिंगरू होती तेव्हापासून तिला अर्पितानंच माणसाळवलं होतं. जिल्ह्याची घोडेस्वारीची स्पर्धा तोंडावर आलेली. एरवी तिला बघून खिंकाळणाऱ्या मैनेनं आज कान मागं पाडले, दोनदा शिंकली आणि बाजूला सरकली. अर्पिता कशीबशी वर चढली, पण रबराची पकडच गुळगुळीत झालेली. मैनेनं एक उसळी मारली आणि बाई थेट कडब्याच्या गंजीत!

आण्णासाहेबांचा पुतण्या अमरसिंह खो खो हसला. आण्णासाहेब मात्र हसले नाहीत.

"पोरी, रविवारी एकदा बघू. मैना तुला बसू देईना, तर स्पर्धेला अमरसिंह जाईल."

अमरसिंहाच्या हातात कायम चाबूक. त्याला नुसतं बघून मैना थरथरायची.

ती तडक दुकानात गेली. केसांत कडबा तसाच.

"काय दिलंत हो मला? घोडी मला ओळखंना! पँट वंगण लावल्यासारखी झाली!"

शंतनूचा चेहरा पडला. "मला वाटलं... तुम्हाला मोगरा आवडंल."

"मला आवडून काय उपयोग? मैनेला नको का आवडायला?" म्हणाली खरी, पण 'मला' म्हणताना आवाज जरा मऊच पडला.

त्यानं गल्ला तात्यांवर सोपवला आणि मोबाईलवर घोडेस्वारी करणाऱ्यांची माहिती वाचत बसला. मग मोटारसायकल काढून थेट धाराशिव गाठलं. संध्याकाळी तो अर्पिताच्या दारात हजर. हातात सौम्य लिक्विडची बाटली, वासाचा पत्ता नाही.

"आधी ब्रशनं केस झाडायचे. पँट उलटी करायची. गार पाणी, लिक्विड झाकणभर, आणि ते मऊ करणारं पाणी पुन्हा कधी न्हाय. वाळवायची सावलीत." तो पाठ केल्यासारखं म्हणाला आणि हौदावर बाह्या सारून बसला.

"अहो, राहू द्या! गाव काय म्हणंल?"

"घोळ माझा आहे. फेस जाईपर्यंत मीच खंगाळणार."

अर्पिताची आई शारदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "अगं, कुणाचं लेकरू हे? आपल्या हौदावर धुणं धुतंय!"

"तात्यांचा भाचा आहे, आई."

"लई स्वच्छ धुतोय पण," आई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. अर्पितानं पाईप धरला. पाण्याखाली दोघांची बोटं एकदा लागली... दोघंही खाली बघत राहिले.

रविवारी सकाळी तीच धुतलेली पँट घालून अर्पिता मळ्यात गेली. मैना जवळ आली, गुडघा हुंगला. पुन्हा हुंगला. मग तिच्या खांद्यावर हळूच तोंड घासलं. अर्पितानं रिकिबीत पाय टाकला आणि पुढच्या क्षणी दोघी ज्वारीच्या कडेकडेनं भरधाव सुटल्या! पकड जराही सुटली नाही.

"अमरसिंह, तू आपली मोटारसायकलच चालव बाबा," आण्णासाहेब म्हणाले. "मैनेवर हीच बसंल."

अर्पिताचे डोळे भरून आले. ही गोष्ट ज्याला आधी सांगायची, तो कुठं होता? लांब बांधावर, बोरीच्या झाडाखाली. लगाम आण्णासाहेबांकडं देऊन ती भराभर चालत गेली.

"इतक्या लांब? बघायला आलात का राखणीला?"

"जवळ कसा येऊ? दिवसभर दुकानात बसून मसाला, अगरबत्ती, साबण... सगळ्यांचा वास बसलाय अंगाला. मैना बिथरली असती. मग तू... तुम्ही..."

अर्पिता आणखी एक पाऊल पुढं आली. त्याच्या बाहीला हिंगाचा वास होता, धण्याचा होता, चंदनाच्या उदबत्तीचाही होता. तिनं खोल श्वास घेतला.

"बिथरती ती मैना," ती म्हणाली. "मी न्हाय."

"म्हणजे...?"

"म्हणजे तू आवडतोस मला. या वासासकट."