पांढरी कड

चहाची तपेली चिंचेनं घासणं हे भालचंद्र उपळेकरांचं सकाळचं पहिलं काम. तपेलीच्या आत, पाण्याच्या रेषेशी, रोज एक पांढरी कड धरे. बायको, कुमुद, असताना ती कड कधी दिसली नव्हती. म्हणजे दोष आपल्या हातांचा, असं त्यांनी चार वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. दोन शिट्ट्या जास्त दिल्या तरी तूरडाळ बोटाला कणीदार लागे, साबणाला फेस येता येत नसे. त्यातही त्यांना स्वतःचीच चूक दिसे. जन्मभर भूमापन कचेरीत दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी काढल्या, पण घरातलं एक काम धड येत नाही, असं ते पुटपुटत. ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच.

आज मात्र घासताना त्यांचा कान दाराकडे होता. पाणीपुरवठ्याची तपासनीस येणार होती. पाण्याच्या मेळपेटीच्या नोंदीतून मयत व्यक्तींची नावं कमी करण्यात येतील, अशी नोटीस पंधरा दिवसांपूर्वी आली होती. तेव्हापासून त्यांना नीट झोप नव्हती.

माळावरच्या या वसाहतीला बोअरचं पाणी. इतकं जड, की पूर्वी बादल्यांवर क्षारांची पुटं चढत. नऊ वर्षांपूर्वी घरोघर ओट्याखाली मेळपेटी बसली. ती पाण्यातले क्षार आधी काढून घेई आणि मग घरातल्या माणसांच्या तब्येतीची नोंद पाहून लागतील तेवढेच परत मिसळी. नळ एकच आणि माणसं वेगवेगळी, म्हणून तिला सगळ्यांचा मेळ घालावा लागे. उपळेकरांकडे माणसं दोनच. कुमुदला मूतखड्याचा त्रास, तिला हलकं पाणी हवं. यांची हाडं ठिसूळ, यांना जड. पेटीनं कौल कुमुदच्या बाजूनं दिला. "नळसुद्धा माझं ऐकतो," ती म्हणायची. "तुमच्यापेक्षा बरा."

ती गेल्यावर रेशनकार्डावरचं नाव त्यांनी कमी केलं, बँकेतलं केलं. पेटीतलं राहू दिलं. तिच्या वाट्याचं पाणी नळाला येतंय तोवर ती ओंजळभर तरी घरात आहे, असं त्यांना वाटे. दिवसाचा पहिला पेला ते डोळे मिटून पीत. चव बरोबर ओळखू येई. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे की नाही, याचीच त्यांना खात्री नव्हती.

तपासनीस आली ती तिशीतली, रेश्मा तांबोळी नावाची. तिनं ओट्याखाली वाकून पेटीचं झाकण काढलं, वायर जोडली आणि मांडीवरच्या पाटीसारख्या पडद्यावर नोंदी वाचायला लागली. उपळेकरांनी पंधरा दिवस एक वाक्य घोकलं होतं. ते चहा देताना कसंबसं बाहेर पडलं.

"नाव राहिलं तर कुणाचं काही बिघडतं का?"

"बिघडतं ना काका. गेलेल्या माणसाचं पाणी जिवंत माणूस पितो. तुमच्या हाडांना ते बरं नाही." एवढं बोलून ती थांबली. पडद्यावर बोट वरखाली फिरलं. "पण इथं तसं काही नाहीच. बाईंचं नाव आहे, वाटा शून्य आहे."

"शून्य म्हणजे?"

"त्यांनी स्वतःच काढून घेतलाय. अंगठा आहे त्यांचा. साडेचार वर्षांपूर्वी, तीन ऑगस्टला."

उपळेकरांचा डावा हात आपोआप उजव्या मनगटावर गेला. त्या जुलैच्या अखेरीला ते न्हाणीघरात घसरले होते. मनगट मोडलं. डॉक्टर कुमुदला बाजूला घेऊन काहीतरी बोलले होते. काय बोलले, ते तिनं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

"मग आत्ता येतंय ते पाणी?"

"तुमचंच, तेव्हापासून." तिनं गॅसवरच्या तपेलीत डोकावून पाहिलं. "ही कड धरलीय बघा. डाळही लवकर शिजत नसेल."

"मला वाटलं, मलाच घासता येत नाही."

रेश्मा हसली, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा पडद्याकडे वळली.

त्यांना तो हिवाळा आठवला. घरात चिंच फार लागायची. एवढी चिंच कशाला, आंबट खाऊन दात पाडायचेत का, असं ते कुमुदवर चिडलेही होते. ते उठायच्या आत ती भांडी लख्ख घासून ठेवायची. डाळीत चिमूटभर सोडा टाकताना त्यांनी तिला एकदा पाहिलं होतं. कुशीत हात दाबून ती बसायची तेव्हा वायू धरलाय म्हणायची, ओवा चावायची. फेब्रुवारीत हृदय बंद पडून ती गेली. कुशीतलं दुखणं मग कुणी पाहिलंच नाही.

"तिचं पाणी," ते चाचरत म्हणाले, "एकदा चाखता येईल? नियमात बसत नसेल तर राहू द्या."

चाचणीपुरतं पाच मिनिटं करता येईल, असं ती म्हणाली. आत काहीतरी घुरघुरलं, नळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला. उपळेकरांनी पेला भरला, डोळे मिटले, प्यायले. पाणी मऊ होतं, गुळगुळीत, परक्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर पुढ्यात येतं तसं. त्यांनी दुसरा घोट तोंडात धरून ठेवला.

"आली का ओळख?" रेश्मानं हळूच विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

पेटी तिनं पूर्ववत केली. नावाचं काय करू, असं विचारलं तेव्हा उपळेकरांनी पेला विसळून ठेवला. मग म्हणाले, "करा कमी. तिनं केलंच होतं."

ती गेल्यावर त्यांनी एका कपाचं आधण ठेवलं. पाणी उकळलं, चहा गाळला, प्यायला. तपेली निवली तेव्हा आत ती कड उमटली होती, बारीक, पेन्सिलीनं ओढलेल्या हद्दीसारखी. हात सवयीनं चिंचेच्या बरणीकडे गेला आणि झाकणावरच थांबला.

चार वर्षं रोज सकाळी आपण काय घासून टाकत होतो?