सातवा घाट, पुन्हा पहिल्यांदा

रविवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर मालिका-कट्टा भरायचा. बोलायला तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने आपण कोरे की भरलेले ते सांगायचं, असा तिथला नियम होता. कोरे म्हणजे ज्यांनी ती मालिका पाहिलेलीच नाही, किंवा पाहून डोक्यातून पुसून टाकली आहे असे. ज्यांना ती आठवते ते भरलेले. भरलेल्यांनी कठड्याकडच्या खुर्च्यांवर बसायचं आणि मुकाट चहा प्यायचा.

मिरजेतल्या त्या सोसायटीत कठड्याकडे बहुतेक वेळा एकटी त्रिशला मगदूम बसलेली असे. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून ती निवृत्त झाली होती. तिचा नवरा सुकुमार पाटबंधारे खात्यात इंजिनीअर होता, तोही आता घरीच. एकेकाळी या दोघांची मालिकांवरून होणारी भांडणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायची. कोण बरोबर वागलं, कोण चुकलं, लेखकाने शेवटी कुठे माती खाल्ली, यावर जेवणं थंड व्हायची. मग कोरण आलं.

कोरण हा शब्द जाहिरातवाल्यांचा. कोरं करणं ते कोरण. खोदण्याशी त्याचा काही संबंध नाही, असं ते आवर्जून सांगायचे. मालिका संपली की कोरण केंद्रात जायचं, जिभेखाली एक गोळी ठेवायची आणि तासभर त्याच मालिकेतले ठळक प्रसंग पाहायचे. या तासाला उजळणी म्हणत. दुसऱ्या दिवशी उठेपर्यंत ती मालिका डोक्यातून गेलेली असे. मग तीच पुन्हा लावायची आणि पहिल्यांदा पाहिल्यासारखं दचकायचं, रडायचं, हसायचं. लोकांना ते फार आवडलं. कंपन्यांनाही आवडलं, कारण नव्या मालिका काढायची यातायातच संपली. बळी गेला तो गप्पांचा. समोरचा पुढच्या आठवड्यात कोरा होणार असेल, तर त्याला आपलं मत सांगून उपयोग काय? आणि तो आधीच कोरा असेल, तर सांगणं म्हणजे असभ्यपणा. कट्ट्यावर आता लोक फक्त कोणती मालिका लावली तेवढं सांगत आणि "मस्त आहे, बघा" म्हणून पुढच्याकडे वळत.

त्या रविवारी सुकुमारची पाळी आली तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकून बसला.

"काल एक लावली. 'सातवा घाट'. दोनच भाग झालेत, पण काय मालिका आहे! नदीकाठचं नावाड्याचं घर. फक्त पूर चुकीचा दाखवलाय. पाणी असं भिंतीसारखं येत नसतं, ते आधी गटारातून वर येतं. मी कोरा आहे हं, पुढचं कुणी बोलू नका."

कठड्याकडे त्रिशलाने कप बशीत ठेवला. पुराबद्दलचं ते वाक्य तिने त्याच्याच तोंडून शब्दन् शब्द ऐकलेलं होतं, नऊ वर्षांपूर्वी, हॉस्पिटलच्या खोलीत.

त्यांची एकुलती मुलगी निर्जरा, घरातली निजू, पुण्यात नोकरीला लागली आणि वर्षाच्या आत तिला रक्ताचा आजार निघाला. शेवटचे चार-पाच महिने ती हॉस्पिटलमध्ये होती. त्या खोलीत तिघांनी मिळून 'सातवा घाट' पाहिली. पाण्याच्या थर्मासला टेकवून ठेवलेला टॅब, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील. मालिकेत थोरला भाऊ रंगनाथ पुरात वाहून जातो आणि धाकटा गणू, ज्याच्या देखत ते घडलं, काय झालं ते कुणालाच धड सांगत नाही. गणू असं का करतो? सुकुमारचं म्हणणं, त्याला नाव आणि घर हवंय. त्रिशलाला वाटायचं, त्याचा वहिनीवर डोळा आहे. निजू उशीवरून मान हलवायची. "तुम्हा दोघांना माणसं कळतच नाहीत. गणू लोभी नाही, तो भ्यालाय. भावाचा हात निसटला नाही. यानेच सोडला." त्यावर सुकुमार तिच्याशी इतकी हुज्जत घालायचा, की नर्स येऊन रागवायची. निजूला धाप लागायची, तरी ती हसायची. आजाराबद्दल त्या खोलीत कुणी बोलत नसे. जे बोलायचं ते गणूबद्दल बोलून व्हायचं.

घरी आल्यावर त्रिशलाने विचारलं, "अहो, ही मालिका तुम्ही आधी पाहिली होती का?"

"कोरा आहे म्हणजे पाहिलीही असेल की," सुकुमार चपला काढत म्हणाला. "कधी, ते कसं सांगणार? का गं?"

"निजूबरोबर..."

"निजूबरोबर कुठली? ती गेली त्याला किती वर्षं झाली." त्याचा आवाज मऊ झाला. "पण तिला आवडली असती बघ ही. बिचारी पटकन गेली. आजारी पडली काय, गेली काय. काही बोलणंसुद्धा झालं नाही."

त्रिशला स्वयंपाकघरात गेली आणि तिने कुकर लावला.

डॉ. गार्गी उपळेकर तिची जुनी विद्यार्थिनी. मेंदूवर संशोधन करायची आणि कोरणाच्या गोळीवर सुरुवातीला काम केलेल्या गटातही होती. त्रिशला दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे गेली.

"बाई, लोकांना वाटतं आठवण म्हणजे कपाटातली साडी," गार्गी म्हणाली. "काढली, पाहिली, घडी घालून परत ठेवली. तसं नसतं. आठवण मातीच्या भांड्यासारखी असते. एरवी वाळलेली, घट्ट. पण आठवली की ती पुन्हा ओली होते आणि काही तासांनी पुन्हा वाळते. आपली गोळी एवढंच करते, की तिला वाळू देत नाही. ओली आठवण विरघळून जाते."

"मग मालिका विरघळू दे. तिच्याबरोबर माझी मुलगी कशी गेली त्यांच्या डोक्यातून?"

"डोक्यात आलेलं पडद्यावरचं आहे की खोलीतलं, हे गोळीला कळत नाही. त्या तासात जे जे ओलं झालं ते सगळं जातं. काकांना त्या प्रसंगांबरोबर हॉस्पिटल आठवलं असणार. निजू आठवली असणार."

"म्हणजे तिची आठवण आली, म्हणून ती गेली?"

"जितकी जास्त आली असेल, तितकी जास्त गेली असेल."

त्रिशला म्हणाली, "त्यांनी मुद्दाम केलं असेल का गं? तेवढेच महिने काढून टाकायला?"

"ते त्यांनाच माहीत होतं, बाई. आता त्यांनाही माहीत नाही."

"मी सांगितलं तर?"

"सांगा. पण त्यांच्याकडे तुमची गोष्ट राहील. आठवण नाही."

सांगायचं की नाही, या विचारात आठवडा गेला. संध्याकाळी सुकुमार मालिका लावायचा तेव्हा ती शेजारी बसायची. तो सोफ्यावर निजूच्याच जागी कुशन टेकवून पाय पसरायचा आणि खूश असायचा. न सांगितलं तर हा माणूस असाच खूश राहील, हे तिला दिसत होतं. आपल्याला त्याचा राग येतोय, हेही तिला दिसत होतं.

पुराचा भाग आला. गणू एकटाच काठावर चढला. सुकुमारने रिमोट उचलून चित्र थांबवलं.

"सगळ्यांना वाटेल हा लोभी आहे," तो म्हणाला. "मला नाही तसं वाटत. हा भ्यालाय. हात निसटला नाही बघ. यानेच सोडला."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? माझं मत आहे." तो हसला. "पाहताक्षणी मनात आलं."

त्रिशलाला राहवलं नाही. "ते तुमचं मत नाही. तुमचं उलटं होतं. तुम्ही तिच्याशी दोन आठवडे भांडलात त्यावरून. ते निजूचं आहे."

मग तिने सगळं सांगितलं. खोली, थर्मास, नर्सचं रागावणं. निजूचे केस गेले तेव्हा त्याने स्वतःची दाढी-मिशी उतरवली होती ते. ती पटकन गेली नाही, महिने लागले, आणि त्या महिन्यांत ते रोज बोलत होते. सुकुमार ऐकत राहिला. त्याचा चेहरा आधी संशयी झाला, मग लहान मुलासारखा उघडा पडला. तो रडला, तेही नऊ वर्षांपूर्वी रडला होता तसाच, कपाळ गुडघ्यांना टेकवून. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. किती वर्षांनी आपण एकट्या नाही, असं तिला वाटलं.

पुढचे काही दिवस तो तिला सारखं विचारत होता. मी काय म्हणालो? ती काय म्हणाली? खिडकी कुठल्या बाजूला होती? तीही उत्साहाने सांगायची. पण हळूहळू त्याचे प्रश्न कमी झाले. जेवण कमी झालं. कट्ट्यावर जाणं थांबलं. एका दुपारी तो म्हणाला,

"त्रिशला, मी उद्या केंद्रात जाणार आहे."

तिला आधी कळलंच नाही. "कशाला?"

"माझ्याकडे त्यातलं काही नाही गं. डोळे मिटले की तू सांगितलेलं ऐकू येतं. तिचा आवाजसुद्धा येत नाही, तुझाच येतो. नुसतं दुःख आहे आणि त्याच्या आत कुणी नाही. असं कसं जगायचं?"

"मी जगतेच आहे की."

"तुझ्याकडे ती आहे. माझ्याकडे नाही." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तूपण चल. दोघंही कोरे होऊ. मग बसून पाहू मालिका, पूर्वीसारखे भांडू. तुला काय कमी त्रास झालाय?"

"आणि त्या खोलीत ती होती, हे कुणाला माहीत राहील?"

"कुणाला माहीत राहायला हवं?" त्याने विचारलं. खरंच विचारलं, त्यात टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. ती त्याला दारापर्यंत सोडायलासुद्धा उठली नाही. संध्याकाळी तो पेरूंची पिशवी घेऊन परत आला, शीळ घालत. या वेळी उजळणीत त्याला काय काय आठवलं असेल, याचा विचार तिने केला. खोली तर आधीच गेलेली होती. तिने सांगितलेली गोष्ट आठवली असेल, आणि ती सांगतानाचा तिचा चेहरा.

महिन्याभरात त्याने पुन्हा 'सातवा घाट' लावली. पुराला नावं ठेवली. पण गणूबद्दल या वेळी तो काही म्हणाला नाही. "बरा नट आहे," एवढंच. त्रिशलाने वाट पाहिली, मग तिनेच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, हा गप्प का राहिला असेल?"

"लेखकाने ठेवलाय म्हणून," सुकुमार म्हणाला आणि पुढचा भाग लावला.

तिने गार्गीला फोन केला. "मी काही गोळी घेणार नाही," ती म्हणाली. "माझं तरी आहे तसं राहील ना?"

"बाई, खोटं नाही सांगत. तुम्ही आठवलंत की तुमचीही आठवण ओली होतेच, गोळीशिवायसुद्धा. ती पुन्हा वाळते, पण ओल्या भांड्याला बोट लागलं की ठसा उमटतो. आपली इच्छा, दुसरं काही ऐकलेलं, सगळं थोडं थोडं चिकटतं. एरवी घरात दुसरं माणूस असतं. 'छे, तसं नव्हतं, त्या दिवशी असं झालं,' म्हणून ते टोकतं. त्याने पुष्कळ सावरतं."

"आणि दुसरं माणूस नसेल तर?"

"मग कमी आठवत जा, बाई."

कमी आठवणं तिला जमण्यासारखं नव्हतं. उलट आता सगळं एकटीनेच सांभाळायचं म्हणून ती रोज दुपारी बसून क्रमाने आठवू लागली, शाळेत मुलींकडून नद्या पाठ करून घ्यायची तसं. पहिला भाग, दुसरा भाग, त्या दिवशी निजूने काय खाल्लं, काय म्हणाली.

असंच एकदा करता करता ती शेवटच्या भागापाशी आली आणि अडकली.

निजूने शेवटचा भाग पाहिला होता. त्रिशलाला स्पष्ट दिसत होतं. उन्हं पलंगावर आली होती. मालिका संपली तेव्हा निजूने तिचा हात दाबला आणि म्हणाली, "चला, कळलं एकदाचं." पण तितकंच स्पष्ट दुसरंही दिसत होतं. हेच घर, हाच सोफा. निजू जाऊन काही दिवस झालेले. सुकुमार म्हणाला होता, तिचा राहिलेला भाग आपण तरी पाहू. दोघांनी तो पाहिला होता.

दोन्हींत उजेड होता, दोन्हींत आवाज होते. एक खरं होतं आणि एक तिच्या इच्छेने केव्हातरी लिंपलेलं होतं. कुठलं कोणतं, हे तिने जितक्या वेळा तपासलं, तितकी दोन्ही अधिकच ठळक होत गेली. मग घाबरून तिने आठवणंच थांबवलं.

बाहेरच्या खोलीत संगीत थांबलं. सुकुमार डोळे पुसत आत आला. मालिका संपली होती.

"काय शेवट केलाय!" तो म्हणाला. "तू पाहिलायस ना हा?"

"हो," त्रिशला म्हणाली.

"कुणाबरोबर?"

खरं काय ते सांगू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते तिच्यासमोर उभं राहून, खऱ्याखुऱ्या उत्सुकतेने, तिच्या उत्तराची वाट बघत होतं.