सातशेच्या वेगाने उडणारी चिमणी

२०४६ सालच्या डिसेंबरात उजनी धरणाच्या काठावरच्या एका शाळेवरून एक चिमणी तासाला सातशे किलोमीटर वेगाने उडून गेली. निदान शाळेच्या पक्षिरडारचं तसं म्हणणं होतं.

हे रडार सातवीतल्या मैत्रेयी भोईटेच्या ताब्यात होतं. हिवाळ्यात धरणावर रोहित आणि पट्टकदंब (हिमालयापलीकडून येणारे हंसासारखे पक्षी) उतरतात. त्यांची मोजदाद करायला शाळेने ते गच्चीवर बसवलं होतं. रडार आकाशात रेडिओलहरी सोडतं. त्या पक्ष्यावर आपटून परत आल्या, की पक्षी केवढा, किती दूर आणि किती वेगात आहे ते पडद्यावर उमटतं. न पटणाऱ्या नोंदींवर संगणक ‘चूक’ असा शेरा मारून त्या बाजूला टाकायचा. मैत्रेयीला मात्र ती टाकलेली यादीही वाचायची सवय होती. त्यात तिला ही चिमणी सापडली. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी, दर वेळी दुपारी चारच्या सुमारास आणि एकाच सरळ रेषेत. चूक इतकी वक्तशीर कशी, हे तिला कळेना.

पुढच्या सोमवारी ती दुर्बीण घेऊन गच्चीवर थांबली. पडद्यावर ठिपका उमटताच तिने वर पाहिलं. शाळेच्या बसपेक्षा रुंद, करड्या रंगाचं, शेपूट नसलेलं एक यंत्र डोक्यावरून सरकत गेलं. आवाज आला तो ते पुढे गेल्यावर, आणि तोही दबका.

घरी आल्यावर तिने आबांना सगळं सांगितलं. आबा म्हणजे तिच्या आईचे वडील, शंकरराव काकडे. लढाऊ विमानांचे आकार ठरवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. शेंगा सोलता सोलता त्यांचा हात थांबला. हे कुणाला सांगितलंस का, असं त्यांनी आधी विचारलं. अजून नाही, पण येत्या शनिवारी महिन्याभराच्या सगळ्या नोंदी इंटरनेटवर जाणार आहेत, असं ती म्हणाली.

आबा तिला अंगणात घेऊन गेले. त्यांनी चेंडू भिंतीवर सरळ मारायला लावला. तो परत तिच्या हातात आला. मग त्यांनी भिंतीला एक फळी तिरकी टेकवली. या वेळी चेंडू फळीवर आपटून वर उडाला आणि भिंतीपलीकडे गेला. तो शोधून आणल्यावर त्यांनी फळीवर जुनी गादी टाकली. चेंडू गादीवर आपटून जागीच पडला.

आबांनी समजावलं, की चेंडू म्हणजे रडारची लहर. तिने पाहिलेलं यंत्र म्हणजे हवाई दलाचं ड्रोन. त्याचं अंग जागोजागी तिरकं असतं, म्हणून लहरी भलतीकडेच फेकल्या जातात. वर गादीसारखा एक लेप असतो, तो उरलेल्या लहरी शोषून घेतो. इंजिनाचा पंखा लहरी जोरात परतवतो, म्हणून तो वाकड्या नळीच्या आत दडवतात. एवढं केल्यावर त्याचा रडारछेद (रडारला वस्तू जेवढी भासते ते माप) चिमणीएवढा उरतो.

“म्हणजे ते दिसेनासं होत नाही?” मैत्रेयीने विचारलं.

“नाही. फक्त छोटं होतं. मोठी रडारं पक्षी समजून त्याला सोडून देतात. आम्ही लपायला पक्ष्याचं माप निवडलं, आणि तू नेमके पक्षीच मोजत बसलीस.”

आत कोण बसतं, असं तिने विचारलं. आबा म्हणाले, कुणीच नाही. चालवणारा माणूस हजार किलोमीटरवरच्या खोलीत असतो, चित्र उपग्रहामार्गे त्याच्याकडे जातं. ते बाँबही टाकू शकतं का, या प्रश्नावर आबा ‘हो’ एवढंच म्हणाले.

मैत्रेयीला विचारूनच आबांनी आपल्या जुन्या कचेरीत फोन केला. गुरुवारी स्क्वाड्रन लीडर वृंदा जगदाळे साध्या कपड्यांत घरी आल्या. ते ड्रोन दुरून चालवणाऱ्या त्याच होत्या. चाचण्या गुप्त आहेत, त्या नोंदी पुसून टाक, असं त्यांनी सांगितलं. मैत्रेयी म्हणाली, की दिसलेली गोष्ट पुसायची नाही असं शाळेत शिकवलंय. मग तिने विचारलं, “तुम्हाला त्यातून माणसं दिसतात?”

वृंदाताई म्हणाल्या, “दिसतात. चेहरे दिसत नाहीत.”

दोन वर्षांपूर्वी सीमेवर त्यांना सहा माणसं दिसली होती. खांद्यांवर लांबलांब काहीतरी होतं. मारा करायची परवानगी मिळाली होती. पण चित्र अंधूक होतं, शिवाय पोचेपर्यंत एका सेकंदाने शिळं झालेलं. त्या घिरट्या घालत राहिल्या, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. अकरा मिनिटांनी त्या माणसांनी ओझी खाली ठेवली. ते तंबूचे बांबू होते, आणि सहापैकी दोघं लहान मुलं होती.

“मी घाई केली असती तर यंत्राला काहीच वाटलं नसतं,” त्या म्हणाल्या. “आणि दर वेळी माझं बरोबरच आलंय असं नाही.”

मैत्रेयीने मग आपली सगळी यादी त्यांच्यापुढे ठेवली. चार वाजताची ती रेषा पट्टकदंबांच्या थव्यांतून जात होती. एक पक्षी इंजिनात गेला असता तर ड्रोन गावावर कोसळलं असतं. वृंदाताईंना याचा पत्ताच नव्हता, कारण त्यांच्या रडारवर पक्षी गाळलेले असत. बोलून बोलून तोडगा निघाला. नोंदी पुसायच्या नाहीत, चाचण्या संपेपर्यंत कुलुपात ठेवायच्या. ड्रोनचा मार्ग दुसऱ्याच आठवड्यात बदलला.

आबा चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा कामाला बसले. पक्ष्याएवढ्या पण अतिवेगवान ठिपक्यांना वेगळ्या रकान्यात टाकणारी संगणकप्रणाली त्यांनी आणि मैत्रेयीने मिळून लिहिली. परक्या देशाचं असं ड्रोन कधी आलंच, तर खालच्या लोकांना आसऱ्याला जायला काही मिनिटं तरी मिळावीत, हा हेतू. वृंदाताईंच्या खटपटीने ती प्रणाली पक्ष्यांच्या वाटेवरच्या, असंच रडार असलेल्या बासष्ट शाळांना मिळाली.

मार्चमध्ये पट्टकदंब उत्तरेकडे निघाले. चौथ्या दिवशी राजस्थानातल्या एका शाळेचा निरोप आला. आबांचा चष्मा आत राहिला होता, म्हणून मैत्रेयीने तो वाचून दाखवला. दोनशे बारा पक्षी तळ्यावर उतरले होते. अतिवेगवान ठिपक्यांचा रकाना रिकामा होता.