चार किलोंचा फरक

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी माझं वजन चार किलोंनी कमी सांगितलं.

ऐकणारे दोघं होते. एक मामा, म्हणजे सायकल वर्कशॉपचे मालक. त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. दुसरा त्यांचा भाचा. मामांचा हात बरा होईपर्यंत दुकान सांभाळायला आलेला. त्याला मी पहिल्यांदाच बघत होते.

"हेल्मेट-बिल्मेट सगळं धरून वजन किती?" त्याने विचारलं होतं. एका हातात पंप, दुसऱ्या हातात पेन्सिल.

"अठ्ठावन्न," मी म्हटलं.

मामा खोकले. मी त्या खोकल्याकडे लक्ष दिलं नाही. भाच्याने अठ्ठावन्न लिहून घेतलं.

काम असं होतं. मी एका दैनिकात अकरा वर्षं आहे आणि सोमवारच्या पुरवणीत सायकलींचं पान लिहिते. या खेपेला तीन नव्या एन्ड्युरो सायकलींची तुलना होती. एन्ड्युरो म्हणजे डोंगर आपल्या पायांनी चढायचा आणि घड्याळ फक्त उताराला लावायचं. त्यामुळे ही सायकल चढावर हलकी आणि उतारावर दणकट हवी, आणि ते जमलंय की नाही हे बरंचसं मागच्या चाकाच्या सस्पेन्शनवर ठरतं. तिन्हींच्या नावांवर मी आदल्या दिवशीच काळी टेप चिकटवली होती. ओळखायला सीटखाली रंगीत टेपचा एकेक तुकडा: लाल, पिवळा, निळा. कंपनीचं नाव डोळ्यांसमोर असलं की मत आपोआप बनत जातं.

"पण टेप लावली तरी कुठली कुठल्या कंपनीची ते कळतंच की," भाचा म्हणाला.

"कळू दे. मी ओळख दाखवत नाही."

"सायकलींना?"

"सायकलींना."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या आधी बारीक होतो. ही नोंद कामाची नव्हती, पण झाली.

मग तो लाल सायकलीशेजारी उकिडवा बसला. "ही सगळ्यांत साधी. मागचं चाक एकाच सांध्यावर वरखाली होतं, बिजागरीवरच्या दारासारखं. वजनाला हलकी, बिघडायला काही नाही. पण शॉकमधली हवा नेमकी हवी. कमी पडली तर आपटते. ही पिवळी, चार दांड्या आणि चार सांधे. ब्रेक दाबला तरी मागचं चाक आखडत नाही. आणि ही निळी... हिचा सांधा बघा किती वर आहे. दगड आला की चाक नुसतं वर जात नाही, वर आणि जरा मागे जातं."

"मागे कशाला?"

"दगड समोरून येतो ना. थोडं मागे सरून वाट द्यायची. भांडायचं कशाला?"

"पण चाक मागे गेलं तर चेन ताणली जाईल."

त्याने मान वर केली. पहिल्यांदाच नीट बघितलं माझ्याकडे, असं मला वाटलं. "जाईल ना. म्हणून ही एक जास्तीची चकती. चेन तिच्यावरून फिरवून आणलीय." जरा थांबला. "हे सहसा कुणी विचारत नाही."

"विचारणं हाच माझा धंदा आहे."

"मग हे बघा." त्याने निळीची सीट तळहाताने खाली दाबली आणि सोडली. सीट सावकाश वर आली. "दाबल्यावर ताडकन उसळली तर स्वार उडतो. सावकाश आली तर चांगलं. पण फार सावकाश आली, तर पुढचा धक्का येईपर्यंत बिचारी तयारच नसते."

"हे सायकलीबद्दल चाललंय ना?"

"तुम्हीच टेप लावलीय," तो म्हणाला. "मी कशाला ओळख दाखवू?"

मामा पुन्हा खोकले.

शॉकमध्ये, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळीत, हवा असते आणि ती स्वाराच्या वजनाप्रमाणे भरतात. स्वार बसल्यावर शॉक साधारण तीस टक्के दबला पाहिजे. त्याच्या दांडीवर रबराची एक बारीक रिंग असते. ती किती सरकली ते बघायचं. लाल खोक्यातून आली तेव्हाच तिच्यावर रिंग नव्हती. म्हणून लालमध्ये त्याने सोबत आलेल्या तक्त्यावरून हवा भरली, अठ्ठावन्न किलोंना लिहिली होती तेवढी. मग मी पिवळीवर बसले. तो वाकून रिंगेकडे बघत राहिला... जरा जास्तच वेळ.

"काय झालं?"

"काही नाही." त्याने पंप पुन्हा लावला. मला आणखी दोनदा बसवलं. निळीलाही तसंच केलं. माणूस काटेकोर आहे, असं मी मनात म्हटलं. काटेकोर माणसं मला आवडतात.

टेकडीवरचा उतार दोन किलोमीटर चारशे मीटरचा. वर सुकी पानं, मध्ये झाडांची मुळं, शेवटी मोकळे दगड. प्रत्येक सायकल तीनदा उतरवली. सरासरी वेळ: निळी सहा मिनिटं आठ सेकंद, पिवळी सहा बारा, लाल सहा एकतीस. लालचं मागचं चाक प्रत्येक मोठ्या दगडावर आपटत होतं. तिसऱ्या फेरीनंतर माझी कंबर बोलायला लागली. चार वाजता मी संपादक बाईंना दोन ओळी पाठवल्या: लाल तिसरी, मागून आपटते. त्यांचा लगेच निरोप आला, "मथळा मिळाला. 'लाल आपटली.' उद्या संध्याकाळी सहाला पान."

लाल ही एका छोट्या कारखान्याची पहिलीच सायकल होती. एक शेड आणि सात माणसं. हे मला ठाऊक होतं, पण टेपखाली असल्यामुळे ते मी विचारात घेतलं नाही. तोच तर नियम होता.

साडेपाचला सायकली परत घेऊन मी वर्कशॉपमध्ये आले.

"कशी झाली?" मामांनी विचारलं.

"निळी, पिवळी छान. लाल आपटते."

"आपटते?" मामा स्टुलावरून उठले. भाच्याकडे वळले. "काय रे, हिच्या आकड्यात चार मिळवलेस ना?"

भाचा चिंधीने हात पुसत होता. आधीच स्वच्छ झालेले हात.

"दोघींत मिळवले," तो म्हणाला.

"आणि तिसरी?"

"तिला रिंग नव्हती."

"दोरा बांधायचा होतास! एवढासा दोरा! सहा वर्षं ही मुलगी मला अठ्ठावन्न सांगतेय आणि सहा वर्षं मी बासष्ट धरून हवा भरतोय. कधी तक्रार आली? मी हिचं कधी ऐकलंच नाही. तू पहिल्याच दिवशी ऐकलंस!"

कान तापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आजवर माझ्या सगळ्या चाचण्या बरोबर आल्या त्या माझ्या काटेकोरपणामुळे, असा माझा समज होता. त्या मामांच्या गप्प बसण्यामुळे बरोबर आल्या होत्या.

मी बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिले. तो मागोमाग आला.

"तुम्हाला सकाळीच कळलं होतं," मी म्हटलं. "पिवळीवर बसले तेव्हा."

"हो."

"मग लालची हवा परत का नाही बघितलीत? मला का नाही सांगितलंत?"

"सायकली पिकअपमध्ये चढवून झाल्या होत्या."

"खोटं. लाल सगळ्यांत शेवटी चढवली. मी बघत होते."

तो म्हणाला, "गिऱ्हाइकाला वजनावरून टोकायचं नाही, असं मामांनी बजावलं होतं."

"हे खरं असेल. पण पुरेसं नाही."

"तुम्हीसुद्धा खोटं सांगितलंतच की."

"सांगितलं," मी म्हटलं. "आता ते निस्तरायचंय. उद्या सकाळी किती वाजता उघडता?"

तिथूनच मी संपादक बाईंना फोन लावला. अकरा वर्षांत माझ्या मजकुराला एकही दुरुस्ती छापावी लागलेली नाही. ऑफिसात नव्या मुलांना ते उदाहरण म्हणून सांगतात. पायरीवर उभं राहून हेच डोक्यात घोळत होतं. दोन ओळी मागे घेतल्या नाहीत तरी कुणाला काही कळणार नव्हतं... या दुकानातल्या दोघांखेरीज.

"बाई, चाचणी चुकली. माझ्यामुळे. मी वजन कमी सांगितलं, म्हणून हवा कमी भरली गेली."

"किती कमी?"

"चार किलो."

"मी तर सहा कमी सांगते," बाई म्हणाल्या. "परत चालवून बघ. सहाची वेळ बदलणार नाही. आणि हे लेखात लिहिणार आहेस का?"

"लिहावं लागेल."

"तुझं नाव आहे. बघ बाई."

रविवारी सकाळी पावणेसातला त्याने लालच्या शॉकवर दोरा बांधून ठेवला होता. लाल रंगाचा. मी बासष्ट सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि तरीही मला तीनदा बसवलं.

"आता विश्वास नाही का?"

"आहे. पण बघायला आवडतं," तो म्हणाला. मग घाईने, "दोरा... दोरा कुठे थांबतो ते."

फक्त लाल पुन्हा चालवून भागणार नव्हतं. वाट तीच असली तरी दिवस वेगळा. रात्रीच्या दवाने मुळं ओली होती. तिन्ही पुन्हा, तीन-तीनदा. तो स्वतःच्या जुन्या सायकलवर सोबत आला. चढावर माझ्या मागे राहायचा. मला फक्त त्याच्या चेनची करकर ऐकू यायची. वर पोचलो की तो दोरा बघायचा, आणि मग आडवाटेने खाली जाऊन शेवटच्या दगडांपाशी घड्याळ घेऊन उभा राहायचा.

लालच्या पहिल्या फेरीत त्या दगडांवर मी दात आवळून घेतले. काही आपटलं नाही. मागचं चाक नुसतं दबलं, उठलं, दबलं... आणि मी त्याच्यासमोरून इतक्या वेगाने गेले की तो बोलला ते ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?" थांबून मी ओरडले.

"सहा नऊ!"

"त्याच्याआधी?"

"काही नाही!"

शेवटचा हिशोब: निळी सहा सात, लाल सहा नऊ, पिवळी सहा बारा. चढावर तिघींत लाल सगळ्यांत हलकी. पण पहिली नाही. दोन सेकंदांनी दुसरी. मला ती पहिली यावी असं मनापासून वाटत होतं. वाटण्याचा रकाना माझ्या तक्त्यात नसतो, म्हणून दुसरी.

बाराच्या सुमाराला आम्ही दोघं त्या दगडांवर बसलो. पाण्याची बाटली एकच उरली होती.

"पुन्हा विचारते," मी म्हटलं. "का नाही सांगितलंत?"

तो घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. सोडवली. पुन्हा गुंडाळली.

"लालला हात लावला असता तर सांगावं लागलं असतं, की आकडा चुकीचा आहे. पहिल्याच दिवशी. तुमचा चेहरा पडला असता. आणि मला..." तो थांबला. "मला दुसरा दिवस हवा होता. येईल की नाही याची खात्री नव्हती. माझ्यामुळे त्या कारखान्याचं वाटोळं झालं असतं, हे मला रात्री कळलं. आधी कळायला हवं होतं."

मी वही उघडली नाही.

"हे छापणार आहेस?" त्याने विचारलं. अहो-जाहो कुठे गळून पडलं, ते दोघांच्याही लक्षात आलं. दोघांपैकी कुणी ते उचललं नाही.

"चार किलो छापणार आहे. बाकीचं..." मी बाटली त्याच्याकडे सरकवली. "बाकीच्याला अजून दुजोरा मिळायचाय."

"कुणाचा?"

"आहे एक सूत्र. सावकाश बोलतं."

"फार सावकाश नको," तो म्हणाला.

घरी जाण्याआधी मी माझी सायकल वर्कशॉपमध्ये ठेवली. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमधून चार महिने तेल गळतंय, वेळ मिळत नव्हता. मामांच्या दुकानात प्रत्येक सायकलीला एक कार्ड बांधतात: काम, स्वाराचं वजन, परत कधी हवी. काम भरलं. वजनासमोर बासष्ट लिहिलं. तिसरा रकाना मी कोरा ठेवला.

"हा?" त्याने बोट ठेवलं.

"ते अजून ठरलेलं नाही."

मामा या वेळी खोकले नाहीत. उठून आत गेले.

पान पाच बावन्नला गेलं. खाली चौकटीत तीन ओळी: शनिवारच्या फेरीत चाचणी घेणारीने आपलं वजन चार किलोंनी कमी सांगितलं होतं, त्यामुळे लाल सायकलीत हवा कमी भरली गेली, वरचे सर्व आकडे रविवारच्या फेरीचे आहेत. बाईंनी मथळा बदलला आणि चौकटीतला एक शब्दही काढला नाही.

आज सोमवार. सकाळी साडेसातला आईचा फोन आला. "पेपरात छापलंस? आणि चार मिळवून बासष्ट होतात ना? मला साठ सांगितलं होतंस!" दहा वाजता लालच्या कारखान्यातून फोन आला, त्यांनी एकच विचारलं, रिंग खरंच नव्हती का. ऑफिसात कुणीतरी माझ्या टेबलावर वजनकाटा आणून ठेवला आहे. तो अजून तिथेच आहे.

सव्वाबाराला त्याचा निरोप आला.

"सायकल तयार आहे. कोरा रकाना मीच भरलाय. येऊन बघ. नाही पटलं तर खोडायला पेन्सिलीनेच लिहिलंय."

वर्कशॉप आठ वाजता बंद होतं. आत्ता साडेबारा झाले आहेत आणि उद्याच्या पानाच्या दोन बातम्या हातात आहेत. रकान्यात काय लिहिलं आहे, ते अद्याप समजू शकलेलं नाही.