आरशात कुणी हरत नाही

आमच्या प्रयोगशाळेत भांडणं लावायचं काम चालतं, असं मी लोकांना सांगते. लोक हसतात, आणि मग मला पुढचं समजावून सांगावं लागतं. बोटभर लांबीचा, पट्ट्यापट्ट्यांचा एक नर मासा काचेच्या टाकीत एकटा ठेवायचा. आठवडाभरात तो टाकी आपली मानतो. तळाशी ठेवलेल्या फुटक्या कुंडीमागे घर करतो, वाळू उकरतो, हद्दीवर फेऱ्या मारतो. मग एका बाजूच्या काचेवरचा पुठ्ठा सरकवायचा. पुठ्ठ्यामागे आरसा असतो. माशाला वाटतं, घरात दुसरा घुसला. त्याचे पट्टे काळेभोर होतात, पर उभे राहतात आणि तो आरशावर धडका मारायला लागतो. आम्ही धडका मोजतो. एकमेकांना पाण्यात पाहणं म्हणजे काय, ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

खरे दोन नर एकत्र सोडले तर एक जखमी होतो, कधी मरतोही. म्हणून आरसा. आरशातल्या भांडणाला शेवट नसतो. तुम्ही जेवढा जोर लावाल तेवढाच समोरचा लावणार. तिथे कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही. मासा दमला की आम्ही पुठ्ठा परत लावतो.

आणखी एक फरक आहे, तो सांगितला पाहिजे. खऱ्या झुंजीत दोन नर शेजारी शेजारी उभे राहतात ते उलट तोंडांनी, याचं डोकं त्याच्या शेपटीशी. मग शेपटीने एकमेकांवर पाणी लोटतात आणि त्या धक्क्यावरून समोरच्याची ताकद जोखतात. आरशात हे जमत नाही. तिथे डोक्याशेजारी डोकंच येणार. मासा वळला की समोरचाही वळतो, आणि बिचारा नुसता फिरत राहतो.

घरी बाबांचं वेगळं काही चाललं नव्हतं. बाबांनी उभी हयात जमीनमोजणीच्या खात्यात काढली. दोन भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेले असताना मधे उभं राहून हद्दीचा दगड रोवून घेणारा माणूस. आता आपण जेवलो की नाही हे त्यांना आठवत नव्हतं, मला ते 'बाई' म्हणत होते, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यांच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला उभा, मोठा आरसा होता. त्यात त्यांना एक म्हातारा दिसायचा.

"हा कोण? माझ्या खोलीत याचं काय काम?"

"बाबा, आरसा आहे तो. ते तुम्हीच आहात."

"मला वेडा समजतेस का? मी असा दिसतो?"

डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, आपलाच चेहरा परका वाटतो. आधी नुसत्या शिव्या होत्या, मग काठी आली, मग मूठ. एका दुपारी त्यांना सांभाळणाऱ्या मावशींचा फोन आला. मूठ कपाटाच्या कडीवर बसून बाबांचा हात फाटला होता. टाके पडले. आरशाला ओरखडाही नव्हता.

शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा दादा संध्याकाळी आला. बाबांच्या हातावरचं बँडेज बघून खुर्चीत बसला आणि कपाळ चोळत राहिला.

"आता डोक्यावरून पाणी गेलं," तो म्हणाला. "मी वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. अजून एकदा असं झालं तर मी त्यांना घेऊन जाणार. तू मधे पडायचं नाहीस."

त्याचं चुकत नव्हतं. पण हे घर बाबांनी स्वतः दोरी धरून आखलं होतं, एकेका खोलीचं माप त्यांनी घेतलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत याच घरात राहावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी काहीही केलं असतं.

उपाय सोपा होता आणि माझ्या पोटापाण्याच्याच विषयातला होता. आरसा काढला की भांडण संपतं. सुताराला बोलावून मी तो उतरवून घेतला. जुना, जाड, पाणीदार आरसा. भंगारात द्यायला जीव होईना. प्रयोगशाळेतले आरसे कडेने काळे पडले होते, आणि नवे मागवायचे म्हणजे साहेबलोकांच्या सह्यांची वाट बघत बसा. मी काचवाल्याकडून त्याचे टाक्यांच्या मापाचे तुकडे कापून घेतले आणि कामावर नेऊन टाक्यांना बसवले. काटकसर हा आमच्या घराण्यातला रोगच आहे.

बाबा शांत झाले. रविवारी दादा आला तेव्हा ते पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होते.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मी म्हणाले.

दादा खूप दिवसांनी हसला. "बरं बाई. राहू देत घरी."

सोमवारी मी पहिल्या टाकीवरचा पुठ्ठा सरकवला. मासा नेहमीसारखा तावातावाने निघाला. आरशापाशी पोचला, थबकला, आणि त्याचे पट्टे फिके पडायला लागले. पर मिटले. तो मागे मागे सरकत टाकीच्या वरच्या कोपऱ्यात गेला आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी तिरका लटकून राहिला. हरलेला मासा असाच दिसतो. मी हरलेले मासे पुष्कळ पाहिले आहेत, पण ते दुसऱ्या माशाकडून हरलेले.

मी पाणी तपासलं, तापमान बघितलं, दिवे बदलले. दुसऱ्या टाकीत तेच झालं, तिसरीतही तेच. तिसरीतल्या माशाच्या शेपटीला लचका तोडल्याची खूण होती. काचेला दात नसतात. कुंडीच्या फुटक्या कडेला घासला असेल, असं मी ठरवून टाकलं.

दुपारी आमच्या विभागप्रमुख मॅडम आल्या. मी त्यांना कॅमेऱ्याने टिपलेलं दाखवलं. त्या चष्मा वर करून पडद्याजवळ वाकल्या.

"यात दुसरा नर कुणी सोडला?"

"एकच आहे, मॅडम."

"मग हा कोण?"

आमचा मासा डावीकडे तोंड करून उभा होता. आरशातला उजवीकडे. याचं डोकं त्याच्या शेपटीशी. आरशातल्याने शेपटी झटकली आणि पाण्याचा लोट बसावा तसा आमचा मासा हलला.

मॅडमनी तेवढंच दृश्य पुन्हा लावून पाहिलं. मग सरळ उभं राहत म्हणाल्या, "आरसा नीट बसला नसेल. ते तुकडे काढून टाक. हे रेकॉर्डिंगही ठेवू नकोस."

पडद्याकडे पाठ न करता त्या दारापर्यंत गेल्या.

मी सगळे तुकडे काढले, जाड कागदात गुंडाळून कचऱ्यात दिले. टाक्यांवर पुन्हा पुठ्ठे लावले. मासे खाली आले नाहीत. एवढी मोठी टाकी मोकळी असताना ते वरच्या कोपऱ्यात अंग चोरून लटकत राहिले. तळाशी पडलेला खाऊ तसाच कुजत होता. कुंडीपाशी मात्र वाळू रोज ताजी उकरलेली दिसायची.

त्याच आठवड्यात मावशी मला म्हणाल्या, "ताई, बाबा हल्ली पलंगाच्या अगदी कडेला झोपतात. पडतील एखाद दिवशी."

मी उशी मधोमध सरकवली. मग बाबा पॅसेजमधल्या खुर्चीवर बसायला लागले. मग खुर्चीही सुटली, आणि ते बाहेरच्या दाराशी चपला घालायच्या स्टुलावर बसू लागले. खांदे आत ओढलेले, हात मांड्यांत, चेहरा फिका. ते बसणं मी ओळखत होते. ओळखत नाही असं स्वतःला सांगत होते.

"बाबा, खोलीत का नाही बसत?"

"नको. त्यांना आवडत नाही."

"कुणाला?"

त्यांनी खोलीच्या दिशेने नुसती मान हलवली. आधी त्याला शिव्या घालायचे. आता आदराने बोलत होते.

दादाचा फोन आला. "भांडत नाहीत ना आता? मग झालं तर."

मी हो म्हणाले. त्याला काय सांगणार होते, की बाबा हरले? कुणाकडून?

पुढच्या शनिवारी मी दुपारीच घरी आले. मावशींना जायला सांगितलं. बाबा स्टुलावर बसले होते. पायांत बूट होते आणि मांडीवर एक पिशवी, तिच्यात दोन शर्ट आणि मोजणीची जुनी टेप.

"आम्हाला जागा सोडायला सांगितलंय, बाई," ते म्हणाले. "त्यांना घर लागणार आहे."

मला रडू आलं. मी तिथेच, चपलांच्या ढिगात बसून रडले. आणि मग मला राग आला, असा राग मला माझ्या आयुष्यात कधी आला नव्हता. आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो म्हणतात, आणि ही गल्ली माझ्या बापाची होती.

मी तडक त्यांच्या खोलीत गेले. लख्ख ऊन पडलं होतं. कपाटाच्या दारावर आरशाच्या मापाचा फिकट चौकोन होता, त्यात उघडं लाकूड. पलंग, उशी, खिडकी. मी पलंगाच्या बरोबर मधोमध जाऊन बसले.

"बघा बाबा! कुणीही नाही इथे."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. बाबा उंबरठ्यापाशी आले. आत आले नाहीत.

ते माझ्याकडे बघत नव्हते.

"हिला काही करू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "मुलगी आहे माझी."

वर्षभरात त्यांनी मला मुलगी म्हटलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता.

त्यांची नजर कपाटापासून निघाली. सावकाश पलंगाच्या कडेने, माझ्या गुडघ्यांसमोरून, दारापर्यंत आली.

मग बाबांनी अंग चोरलं. पाठ चौकटीला टेकवली, मान खाली घातली, आणि दारात एका माणसापुरती वाट करून दिली.

क्षणभर ते तसेच उभे राहिले.

मग घाईघाईने आत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता.

"चल लवकर. ते पाणी प्यायला गेलेत."

कुणी नाही बाबा, असं मी म्हणणार होते. ते शब्द अगदी ओठांवर होते. मी उठले. बाबा पुढे, मी मागे. पॅसेज चांगला रुंद आहे. आम्ही दोघं भिंतीला अंग घासत, एका ओळीत चाललो, मधली वाट मोकळी सोडून.