उत्तरेकडचा जिना

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच घडतात असं कपिल बनसोडे छातीठोकपणे सांगायचा. हल्ली तो त्या विषयावर अवाक्षर काढत नाही, कारण त्याच्यावर वेळ आली ती भर दुपारी चारला.

शहाण्णव साल. किल्लारीच्या भूकंपाचा धसका अजून ओसरला नव्हता. सांगलीत धरणेंद्रअण्णांच्या लहानशा ऑफिसला काम मिळालं होतं: मोठ्या इमारतींचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचे. आग लागली, छत कोसळलं, तर कुठून शिरायचं ते बंबवाल्यांना आधीच कळावं. कपिल नकाशा टेबलावर चिकटवायचा, हातातलं यंत्र रेघेच्या टोकावर ठेवून बटण दाबायचा, की ती रेघ पडद्यावर उमटायची. अण्णांचा नियम कडक होता. "कागदावर आहे पण जागेवर नाही, ते पुसायचं. धुरात माणूस भिंतीवर आपटला, तर पाप आपल्या माथी."

त्या सकाळी तो टेप घेऊन मिरजेच्या एका जुन्या हॉस्पिटलात मापं तपासायला गेला. पहिल्या मजल्यावरच्या वॉर्डात त्याची बायको आम्रपाली नर्स होती. तिला सहावा महिना चालू होता. पाय सुजायचे, तरी बाई ड्यूटी सोडायला तयार नाही. लग्नाला सात वर्षं झाल्यावर घरात पाळणा हलणार होता, त्यामुळे कपिलचा जीव सदा टांगणीला.

नकाशात वॉर्डाच्या उत्तर टोकाला बावीस पायऱ्यांचा जिना होता. जागेवर बघावं तर गिलावा केलेली कोरी भिंत. त्यानं ठोकून पाहिलं, भरीव लागली. खाली जाऊन पाहिलं, तिथंही भिंतच, आणि तिला टेकून एक बाक.

सुलाबाई आया वॉर्डात फरशी पुसत होती. ती म्हणाली, "आवं, जिना हाय की तितं. चारला सुट्टी झाली की मी तितनंच उतरते."

"मावशी, ही भिंत आहे."

"आत्ता हाय. चारला नसती." आणि ती फडकं पिळायला लागली.

म्हातारीच्या डोक्यात फिनेलचा वास गेला असेल, असं म्हणून कपिल हसला आणि सांगलीला परतला. चार वाजून पाच मिनिटांनी त्यानं नियमाप्रमाणे जिना पुसला, काम सेव्ह केलं, आणि लुनावरून न्यायला येतो हे सांगायला वॉर्डात फोन लावला. तो माया सिस्टरनं उचलला.

"आम्रपाली आत्ताच गेली की, भाऊजी. सुलाबाईबरोबर, त्या उत्तरेकडच्या जिन्यानं. पाय दुखतायत, जवळ पडतं म्हणाली."

"माया... तिथं जिना नाहीये."

"थांबा हं." ती जाऊन आली तेव्हा तिचा आवाज पार उतरला होता. "इथं भिंत आहे, भाऊजी... पण मी त्यांना जाताना बघितलं. आणि आतून... आतून आम्रपाली हाका मारतीया."

त्यानं नकाशा पुन्हा टेबलावर ओढला. पहिली पायरी. दुसरी. सातवीला हात घसरला, ती पुसून परत काढली. खोलीत ओल्या चुन्याचा वास भरून राहिला होता. अण्णा मागं येऊन उभे राहिले. "अरे, जे नाही ते का काढतोस?"

"अण्णा, माझी बायको आहे त्यात."

अण्णांनी नकाशाचा सुटलेला कोपरा दाबून धरला. बाविसावी पायरी झाली, खालचं दार झालं, आणि कपिलनं लुना मिरजेकडं पिटाळली.

भिंत जागच्या जागी होती. बाकावर आम्रपाली बसली होती, केस चुन्यानं पांढरे झालेले, दोन्ही हात पोटावर. कपिल तिच्या पायाशी बसला आणि लोकांदेखत ढसाढसा रडला.

"मधेच पायऱ्या संपल्या हो," ती पुटपुटली. "पुढं पाय टाकायला काही नव्हतं... मग एकेक पायरी आली."

"बाळ?"

"हलतंय."

"आणि सुलाबाई?"

"मागं राहिली. म्हणाली, तुमी व्हा फुडं, मी ह्यास्नी वर घिऊन जाते."

"कुणाला?"

"अंधारात माणसं बसली होती... खूप. जिना बुजवला तेव्हापासून आत अडकलेली, सुलाबाई म्हणाली. पायऱ्या आल्या तशी सगळी उठून उभी राहिली. मला वाट दिली त्यांनी. एका बाईनं माझ्या पोटावरून हात फिरवला... गार होता."

तेवढ्यात मोठ्या जिन्यानं माया खाली आली. कठडा धरूनच ती उभी राहिली.

"आम्रपाली, आपले पेशंट चौदाच ना गं?"

"चौदाच. का?"

"वॉर्डात फरशीवर माणसं येऊन बसलीत... चुन्यानं माखलेली. सुलाबाई त्यांना पाणी देतीया. कुणाला भेटायचं म्हणून विचारलं, तर तुझं नाव सांगतायत." "म्हणतायत, हिच्या बाळापायी आमाला पायऱ्या मिळाल्या, बाई बाळंत होईस्तोवर आमी हितंच बसणार."