पंचेचाळीस वर्षांची आई

रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी विश्वजित शेडगे पुण्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात चहा ढवळत साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावायचा. आई पडद्यावर यायची ती अगदी तुकतुकीत. गाल भरलेले, केस काळेभोर, डोळ्यांखाली सुरकुती औषधालाही नाही. प्रमिलाबाईंचं खरं वय एकोणसत्तर, पण फोनमध्ये त्या पंचेचाळीसच्या होत्या, आणि गेली सहा वर्षं पंचेचाळीसच्याच होत्या. "झोप लागली?" "लागली." "गोळ्या?" "घेतल्या. तू कधी येतोयस?" "येतो की." चार मिनिटांत मुलगा कर्तव्यातून मोकळा. हल्ली आई 'कधी येतोयस' हे एकाच कॉलमध्ये दोनदा विचारायची, पण वय झालं की माणसं तेच तेच बोलतात, असं त्याने ठरवून टाकलं होतं. दीड वर्षात तो साताऱ्याला गेला नव्हता. बायकोने टोकलं की म्हणायचा, "अगं, रोज तर बघतो तिला!"

त्या गुरुवारी आईने फोन उचलला नाही. चारदा लावला, चारदा वाजून थांबला. नऊच्या सुमाराला छबूताईंचा फोन आला. आईच्या इमारतीत जिन्याखाली मशीन टाकून बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या या छबूताई माळवदे. त्या म्हणाल्या, "दादा, ताईंचं दार सताड उघडं हाय. फोन ओट्यावर वाजतोय आन् ताई कुठंच न्हाईत. सगळी गल्ली हुडकली."

साडेबाराला विश्वजित साताऱ्याच्या पोलीस ठाण्यात हवालदार रुक्साना मुलाणींच्या टेबलासमोर बसला होता. मुलाणीबाईंचा आवाज रोज अशी माणसं समोर बसवून घेणाऱ्याचा, शांत आणि थोडा थकलेला.

"घाबरू नका साहेब. गावात नऊशे कॅमेरे आहेत. आईंचा चेहरा द्या, मशीन दहा मिनिटांत सांगतंय कुठं दिसल्या ते."

चेहऱ्यांना काय तोटा! विश्वजितच्या फोनमध्ये आईचे अकरा हजार फोटो होते. तुळशीजवळ आई, भजनी मंडळात आई, बशीतल्या शिऱ्यासोबत आई, आणि नुसतीच, हात लांब करून स्वतःकडे बघणारी आई. त्याने एक दिला. मशीनने उत्तर दिलं, 'जुळणी नाही'. दुसरा दिला, दहावा दिला, कालच सकाळचा दिला. जुळणी नाही, जुळणी नाही.

"तुमचं मशीन बिघडलंय," विश्वजित भडकला. "इथं माझी आई हरवलीय आणि तुम्ही मला डबडं दाखवताय!"

"मशीन बरोबर हाय," मुलाणीबाई म्हणाल्या. "तुमचे फोटो नितळ आहेत."

नितळ. सहा वर्षांपूर्वी फोनमध्ये आली ती ही सोय. त्याआधी लोक फोटो काढून मग रंगसफेदी करायचे, निदान मूळ फोटो कुठेतरी पडून असायचा. नितळने ती कटकटच मिटवली. भिंगातून उजेड आत आला की चित्र तयार होण्याआधीच चेहरा सुधारला जाई. मूळ असं काही उरतच नसे, कारण ते कधी घडतच नसे. पाठोपाठ स्वमुख कायदा आला. त्यामागचा हेतू वाईट नव्हता. सेल्फीपायी पोरी जेवण टाकत होत्या, वर्गातल्या टवाळखोरांनी टिपलेल्या एका वाकड्या फोटोपायी शाळा सोडत होत्या. म्हणून सरकारने प्रत्येकाला हक्क दिला की माझा चेहरा मी ठरवेन तसाच टिपला जाईल, मग कॅमेरा कुणाचाही असो. शेजाऱ्याच्या फोनमध्येही माणूस आपल्या पसंतीचाच दिसायचा. तो हक्क फक्त पोलिसांच्या कॅमेऱ्यांना लागू नव्हता.

आईच्या फोनवर नितळ बसवलं होतं विश्वजितनेच. "किती वय ठेवू?" त्याने विचारलं होतं. आई लाजली होती. "ठेव पंचेचाळीस. तू कॉलेजात होतास तशी दिसेन."

"खरा फोटो एकही नाही?" मुलाणीबाईंनी विचारलं.

"हे खरेच आहेत हो! माझी आई अशीच दिसते!"

मुलाणीबाईंनी यावर वाद घातला नाही. त्यांनी आईच्या ओळखपत्रावरचा पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो मागवला, मशीनला त्यात वय मिसळायला लावलं आणि सकाळपासून गावात दिसलेल्या मिळत्याजुळत्या बायका बाहेर काढल्या. दोनशे चौदा निघाल्या. विश्वजित एकेक चेहरा बघत गेला. पोलिसांच्या कॅमेऱ्याला कुणाची भीडमुर्वत नसते. त्यात पडलेले दात होते, घामाने चिकटलेले पांढरे केस होते, वांग होते. इतके उघडे चेहरे त्याने कित्येक वर्षांत एका जागी पाहिले नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्याला किळस येत होती. "नाही. नाही. पुढे." दोनशे चौदा वेळा तो नाही म्हणाला.

दोन वाजले. बाहेर ऊन रणरणत होतं, आईला साखरेचा त्रास आणि पोटात सकाळपासून काही गेलं असेल की नाही देव जाणे. विश्वजितला सगळ्यांचाच राग आला होता. मशीनचा, कायद्याचा, दार उघडं टाकून जाणाऱ्या आईचा.

"चेहऱ्याने होत नसेल तर बांध्याने बघू," मुलाणीबाई म्हणाल्या. "मशीन अंगकाठीवरनंही माणूस शोधतं. चालणाऱ्या माणसाचा खांदा, कंबर, उंची मोजतं. पण त्याला आकडे लागतात आन् ते कुणाकडे नसतात, म्हणून आम्ही ते वापरत नाही. आईंची उंची किती?"

विश्वजितने हात छातीपाशी धरला, मग थोडा वर नेला, मग खाली घेतला. "बऱ्यापैकी भरल्या अंगाची आहे," तो म्हणाला.

"आईंचे कपडे कोण शिवतं?"

अर्ध्या तासात छबूताई मापांची वही काखेत मारून ठाण्यात हजर झाल्या. पाचपन्नास बायकांची मापं त्या वहीत होती, आणि प्रमिलाबाईंच्या पानावर तर खाडाखोडच जास्त.

"भरल्या अंगाच्या?" छबूताईंनी विश्वजितकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली. "दादा, दिवाळीपासनं तीन येळा टाचलेत मी ताईंचे ब्लाउज. छाती अडतीसची चौतीस झाली. कापड नुसतं अंगावर लोंबायचं. म्हनलं, ताई, डॉक्टरला दाखवा. तर म्हनायच्या, विशू रोज बघतो की मला, काय असतं तर बोलला असता."

विश्वजितला रागवायला आता समोर कुणी उरलं नव्हतं. "मला फोनमध्ये तसं..." त्याने सुरुवात केली आणि वाक्य अर्धवट सोडलं.

"लिहून घ्या मॅडम," छबूताई वही वाचू लागल्या. "छाती चौतीस, खांदा साडेतेरा. परकराची लांबी छत्तीस, म्हंजे बाई पाच फुटाला दोन बोटं कमीच. आन् उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली हाय. तीस वर्षं शाळेत बाई होत्या, तपासायच्या वह्यांची पिशवी एकाच खांद्यावर न्हेली त्यांनी. त्या बाजूला म्या कायम पट्टी घालते."

आकडे आत गेले. मशीनने चार मिनिटं घेतली आणि एकच बाई पुढे ठेवली. एसटी स्टँडवर, पुण्याच्या गाड्या लागतात तिथे, सकाळी साडेसातपासून येरझाऱ्या घालणारी. मुलाणीबाईंनी चित्र मोठं केलं. गालफडं बसलेली, पांढऱ्या केसांचा विस्कटलेला अंबाडा, समोरचे दोन दात नाहीत.

"ह्याच आमच्या ताई!" छबूताईंनी हात जोडले.

विश्वजित पडद्याकडे वाकला. "अजून मोठं करा," तो म्हणाला. मुलाणीबाईंनी केलं. "अजून."

"साहेब," मुलाणीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ह्या बाई मघाशी येऊन गेल्या. यादीत साठाव्या होत्या. तुम्ही पुढे म्हणालात."

जीप स्टँडवर पोचली. पुण्याच्या फलाटाजवळ आई उभी होती. दिवाळीत त्याने कुरिअरने पाठवलेल्या कौटुंबिक कॅलेंडरचं, त्याच्या फोटोचं पान तिच्या हातात होतं, आणि गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकापुढे ती ते धरत होती. "ह्याला बघितलंत का हो? माझा मुलगा. आज यायचाय."

"आई!" विश्वजित धावतच पुढे झाला. "आई, मी आलोय."

तिने वर पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. कागदावरच्या माणसाला दाट केस होते, हनुवटी रेखीव होती. समोरच्याचं टक्कल घामाने चमकत होतं आणि डोळ्यांखाली काळ्या पिशव्या लोंबत होत्या. तिने पुन्हा एकदा दोन्हीकडे नीट पाहिलं, शाळेत हजेरी घेताना पाहायची तसं.

"तुम्ही ओळखता का त्याला?" तिने आदराने विचारलं. "त्याच्या हापिसातले का?"

"अगं, मी विशू! आई, बघ ना माझ्याकडे!" त्याने तिचे दंड धरले. हातात हाडंच आली. तिने घाबरून अंग चोरलं आणि कागद छातीशी धरला. दोनचार माणसं थांबून बघू लागली.

"ओरडू नका साहेब," मुलाणीबाई मध्ये पडल्या. "डॉक्टरकडे न्यायचंच हाय. पण तो पहिल्यांदा हेच विचारणार, की ह्या तुम्हाला ओळखेनाशा कधीपासून झाल्या. आठवून ठेवा."

विश्वजित आठवू लागला. आजार तिला कधीपासून होता? आणि हा टकला, थकलेला माणूस तिने याआधी पाहिला तरी कधी होता? दीड वर्षापूर्वी तो आला तेव्हा इतका उतरला नव्हता, आणि त्यानंतर तो फक्त फोनमध्येच, नितळ होऊन दिसत होता. कुठलं खरं, ते त्याला सांगता येईना. चडफडत त्याने खिशातला फोन काढला. त्याच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं.

तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावून, आणि हात लांब करून सेल्फीचा कॅमेरा चालू केला. पडद्यावर दोघं आली. दाट केसांचा तरतरीत विशू आणि पंचेचाळीस वर्षांची, गुटगुटीत, काळ्याभोर केसांची त्याची आई.

"अगंबाई! विशू!" आईचा चेहरा एकदम फुलला. तिने कागद खाली टाकला आणि दोन्ही हातांनी फोन धरला. "किती वाट बघायला लावतोस रे! सकाळपासून उभी आहे मी."

"हो आई," तो म्हणाला. पडद्यावरचे ओठ हलले. आई त्या ओठांकडे बघत होती. तिचा खांदा त्याच्या दंडाला टेकला होता आणि तो किती हलका झालाय हे त्याला आत्ता कळत होतं. त्याचा लांब केलेला हात दुखू लागला. हात खाली घेतला की ती पुन्हा अनोळखी नजरेने वर बघणार, हेही त्याला कळत होतं.

"गाडीत जागा मिळाली ना नीट?" पडद्यावरून नजर न हलवता आईने विचारलं. "आता कुठवर आलास?"